पट्टी सुटल्यानंतरचे महिने

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम काठावरच्या गल्ल्यांत, वयस्कर माणसे मोतीबिंदूविषयी बोलताना जी क्रियापदे वापरतात ती शेतातली असतात. मोतीबिंदू येतो, पिकतो आणि पिकला म्हणजे काढतात. 'अजून पिकला नाई' हे वाक्य एखाद्या तुरीच्या वावराविषयी असावे तितक्या सहजपणे डोळ्याविषयी उच्चारले जाते. आजच्या नेत्रवैद्याला हे वाक्य ऐकून थोडा वैतागच येतो. कारण आजच्या शस्त्रक्रियेला मोतीबिंदू पिकण्याची गरज नाही. उलट तो फार कठीण झाला तर काम अवघड होते, आणि फुगला किंवा गळू लागला तर डोळ्यातला दाब वाढून उरलीसुरली दृष्टी धोक्यात येते. मग हे वाक्य अजून का बोलले जाते? अडाणीपणामुळे, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते उत्तर इतिहासाला धरून नाही. एके काळी हा सल्ला वैद्यकाचाच होता. भिंग कच्चे असताना डोळा उघडला तर त्याचा मऊ गर आत चिकटून राही आणि पुढे दाह माजवी. शस्त्रक्रिया बदलली, सल्ला घरात राहिला. घरातली भाषा अशा रीतीने वैद्यकाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवते.

प्रस्तुत लेखात याच भाषेचा धागा धरून एका दुर्लक्षित कालखंडाकडे पाहावे असा विचार आहे. हा कालखंड शतकांचा नव्हे, महिन्यांचा आहे. मोतीबिंदू काढल्यानंतर पट्टी सुटते त्या दिवसापासून नजर 'बसते' त्या दिवसापर्यंतचा. शस्त्रक्रियेचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. शस्त्रे, तंत्रे, शल्यवैद्यांची चरित्रे, आकडे, विक्रम सारे आहे. परंतु तो बहुतेक वेळा पट्टी सोडण्याच्या क्षणाशी येऊन थांबतो. त्यानंतर त्या माणसाला काय दिसू लागले, कसे दिसू लागले, आणि जे दिसले त्याची सवय व्हायला किती दिवस गेले, हे कोणी विचारत नाही.

याला आपल्या वाङ्मयीन परंपरेतूनही मदत झालेली आहे असे मला वाटते. महाभारताच्या आदिपर्वातला उपमन्यू भुकेपोटी रुईची पाने खातो, आंधळा होतो, विहिरीत पडतो. अश्विनीकुमारांची स्तुती करतो आणि त्याला डोळे परत मिळतात. (रुई वऱ्हाडात कुठल्याही उकिरड्याशेजारी उगवते. तिचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून मुलांना आजही दटावतात.) आश्रमवासिक पर्वात व्यासांच्या कृपेने धृतराष्ट्राला रणात पडलेले पुत्र एका रात्रीपुरते दिसतात. दोन्ही ठिकाणी अंधत्व आणि दृष्टी यांमध्ये एक पातळ रेघ आहे, आणि ती एका क्षणात ओलांडली जाते. ज्याने जन्मात कधी काही पाहिले नाही त्या धृतराष्ट्राला समोरच्या आकृती पुत्रांच्या म्हणून ओळखू कशा आल्या, असा प्रश्न कथेला पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नाही. कथेचे लक्ष दुसरीकडे आहे.

संपूर्ण अंधत्वालाही आपल्याकडे आदराचा शब्द आहे. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी अवघ्या नऊ महिन्यांच्या वयात गेली. तरी त्यांनी अल्प आयुष्यात प्रचंड ग्रंथरचना केली आणि वऱ्हाड त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो. म्हणजे न दिसणाऱ्यासाठी शब्द आहे, दिसणाऱ्याला शब्दाची गरज नाही. पण ज्याला दिसते आहे आणि पूर्वीसारखे दिसत नाही, अशा मधल्या माणसासाठी मराठीत शब्द नाही. असा माणूस मात्र प्रत्येक घरात आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, कफज लिंगनाशावरील वेधकर्म आले आहे. लिंगनाशाचा हा प्रकार म्हणजे आपला मोतीबिंदू, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. विद्यार्थी बहुधा शलाकेचे वर्णन आणि 'डाव्या डोळ्याला उजवा हात' एवढे लक्षात ठेवतात. मला त्या अध्यायातला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. रुग्णाला रूपे दिसू लागली की शलाका हलकेच काढावी, डोळ्याला तूप लावून वस्त्राने बांधावे, धूळ आणि धूर नसलेल्या घरात उताणे निजवावे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, अंग हलवणे वर्ज्य. दर तिसऱ्या दिवशी काढ्याने धुवावे. दहा दिवस असा संयम पाळून मग हलके अन्न आणि दृष्टी निर्मळ करणारे उपचार. शिवाय, वेध कच्च्या अवस्थेत केला किंवा रुग्णाने श्रम केले, तर खाली गेलेला दोष पुन्हा वर येतो, असा इशाराही आहे.

हा इशारा आधुनिक शरीरशास्त्राने वाचला तर थक्क व्हायला होते. या वेधकर्मात गढूळ झालेले भिंग डोळ्याबाहेर काढलेच जात नसे. ते शलाकेने ढकलून बुबुळामागच्या पोकळीत खाली पाडले जाई. प्रकाशाची वाट मोकळी होई, म्हणून तत्क्षणी दिसे. पण भिंग आतच असे, आणि ते खरोखरच तरंगत पुन्हा वर येऊ शकत असे. 'दोष वर येतो' ही कफपित्ताच्या परिभाषेत नोंदवलेली प्रत्यक्ष घटना आहे. ज्या कोणी हे लिहिले, त्याने किंवा त्याच्या गुरूने पट्टी सुटल्यानंतरही रुग्णावर लक्ष ठेवले होते, एवढे यातून निश्चित दिसते. आणि वेध फार उष्ण किंवा फार थंड नसलेल्या काळात करावा, असेही तेथे सांगितले आहे. वऱ्हाडात 'मोतीबिंदू हिवाळ्यातच काढावा' हा समज आजही घट्ट आहे. त्याची परंपरा थेट सुश्रुताशी जोडण्याचा मोह मी टाळतो. त्याचे अधिक जवळचे कारण पुढे येईल.

सुश्रुताची ही देखरेख पुढे परंपरेत टिकली नाही. हेच वेधकर्म गावोगाव फिरणाऱ्या साथियांच्या हाती गेले तेव्हा शलाका राहिली आणि दहा दिवस गळाले. साथिया झाडाखाली किंवा ओट्यावर बसून डोळ्यात सुई घाली, समोर बोटे धरून 'किती?' विचारी, उत्तर बरोबर आले की बिदागी घेई आणि पट्टी बांधून पुढच्या गावी निघून जाई. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात अनेक वर्षे काम केलेल्या रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९१७ मध्ये लंडनमध्ये या हिंदुस्थानी पद्धतीवर व्याख्याने दिली. त्यांच्या रुग्णालयात येत ते साथिये पुढे निघून गेल्यानंतर उरलेले डोळे. आत पडलेल्या भिंगाने दाह झालेले, दाब वाढून दगडासारखे झालेले. इलियट वसाहती सरकारचे अधिकारी होते, आणि देशी वैद्याविषयी त्यांच्या लेखणीत तुच्छता आहे. ती वगळून वाचावे लागते. तरी मुद्दा उरतोच. साथियाची कीर्ती पहिल्या दिवशीच्या दृष्टीवर उभी होती. सहाव्या महिन्यातली दृष्टी त्याच्या हिशेबात नव्हती.

मराठी माणसाने या हिशेबाकडे निराळ्या रीतीने पाहिल्याचे एक उदाहरण आहे, पण त्यासाठी वऱ्हाड सोडून पार दक्षिणेत, तंजावरच्या भोसल्यांकडे जावे लागते. दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) हे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्स या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले. ग्रंथसंग्रह, मुद्रण, संगीत यांच्या जोडीला त्यांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रवैद्यकाची ओढ होती. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय दोन्ही उपचार चालत. डोळ्याच्या रुग्णांच्या, इंग्रजीत लिहिलेल्या पत्रिका आणि त्यांसोबतची डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. एकेका रुग्णाची तक्रार, तपासणी, उपचार असे त्यांत नोंदलेले आहे. रुग्णाचा डोळा चितारून ठेवावा असे एका राजाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाटावे ही साधी गोष्ट नव्हे. बखरी आणि पोवाड्यांत रमलेल्या आपल्या इतिहासलेखनाने या पत्रिकांकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही. अर्थात, चित्रे आहेत ती बाहेरून दिसणाऱ्या डोळ्याची. त्या डोळ्याला जग कसे दिसले हे चित्रात येणे शक्य नव्हते.

ते आले एका लंडनच्या शल्यवैद्याच्या लेखात. विल्यम चेझल्डन याने १७२८ मध्ये एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हा मुलगा जन्मतः किंवा अगदी लहानपणापासून आंधळा होता. चेझल्डनने त्याचे मोतीबिंदू बाजूला केले, आणि मग त्याने जे केले ते इतरांनी केले नव्हते. तो मुलगा काय म्हणतो ते त्याने ऐकले. मुलाला प्रथम सर्व वस्तू डोळ्याला चिकटलेल्या वाटत. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे त्याला नजरेने सांगता येईना. शेवटी त्याने मांजर पकडले, हातांनी चाचपले, डोळ्यांनी नीट पाहिले आणि आता पुढच्या वेळी ओळखीन असे तिला सांगितले. चित्रे म्हणजे नुसते रंगाचे पट्टे नसून वस्तूंच्या आकृती आहेत हे कळायला सुमारे दोन महिने लागले. कळल्यावर त्याने चित्राला हात लावला, ते सपाट लागले, आणि त्याने विचारले, यांतले खोटे बोलणारे इंद्रिय कोणते, स्पर्श की दृष्टी? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न कोठून येतो ते ठाऊक असेल. मॉलिन्यूने लॉकला हाच प्रश्न तर्कात विचारला होता, की हाताने घन आणि गोल ओळखणाऱ्या आंधळ्याला दृष्टी आली तर तो ते पाहून ओळखेल का? दिल्लीत जन्मांध मुलांवर झालेल्या शस्त्रक्रियांनंतरच्या अभ्यासाने २०११ मध्ये याचे उत्तर दिले, की लगेच ओळखत नाही, पण थोड्याच काळात ओळखू लागतो.

जन्मांध मुलाची आणि साठीतल्या माणसाची स्थिती एक नव्हे. म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर पाहिलेले असते, त्याला मांजर ओळखायला शिकावे लागत नाही. परंतु दृष्टी म्हणजे डोळ्याची उघडी खिडकी नसून मेंदूचा अभ्यास आहे, आणि खिडकीची काच बदलली की तो अभ्यास पुन्हा करावा लागतो, हे दोघांनाही लागू आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हा अभ्यास फार कठीण अटींवर केला. त्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे भिंग बाहेर काढणे, आणि त्या जागी काहीही न ठेवणे. ही कामे शाळेत, धर्मशाळेत भरलेल्या शिबिरांत होत. कर्नाटकातले डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे, त्यावरून त्या काळच्या गरजेचा अंदाज यावा. वऱ्हाडात शिबिरे हिवाळ्यात. कपाशीची वेचणी आटोपत आलेली, शाळेच्या खोल्यांत पंखे नसले तरी चालणारे, घाम आणि माशा कमी. 'हिवाळ्यातच काढावा' याचे जवळचे कारण हे. रुग्ण ओळीने सतरंज्यांवर उताणे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर कापसाच्या घड्या. मग पट्टी सुटे, डोळ्यासमोर हिरव्या कापडाची झापड लागे, आणि माणूस घरी येई.

आता पंचांग मांडून पाहा. पौषात शस्त्रक्रिया. जखम भरून चष्म्याचा नंबर ठरायला महिना-दीड महिना, म्हणजे फाल्गुन. चष्मा हाती येतो आणि चैत्र लागतो. अकोल्याचा पारा वैशाखात पंचेचाळिशी गाठतो. मोर्णेचे पात्र कोरडे, पांढुरक्या मातीवरून आणि पत्र्यांवरून ऊन परत उसळते. निरोगी भिंग काही प्रखर किरणे, विशेषतः जंबुपार किरण, अडवून धरते. या माणसांच्या डोळ्यांत तो पडदाच उरला नव्हता. शिबिराच्या सोयीसाठी हिवाळा निवडला गेला, आणि नव्या नजरेचे पहिले महिने वऱ्हाडच्या सर्वांत कठोर उजेडात पडले. शिबिराच्या अहवालात हे येत नाही. ओसरीच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, कपाळावर पदर ओढून बसलेल्या बायांना पाहून मात्र ते कळले असते.

आणि तो चष्मा! सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा म्हणून मुलांनी ज्याची टिंगल केली तो सुमारे अधिक दहा नंबरचा. काढून टाकलेल्या भिंगाचे काम तो डोळ्याबाहेरून करी, आणि त्यामुळे प्रत्येक वस्तू सुमारे एक चतुर्थांश मोठी दिसे. मोठी म्हणजे जवळ आलेली. पाण्याचा पेला धरायला हात जाई तो अलीकडेच थांबे. दाराच्या सरळ चौकटी आत वाकलेल्या दिसत. पायरी असते तेथे दिसत नसे. भिंगाच्या कडेपाशी प्रकाश असा वळे की मधल्या दृश्याभोवती एक आंधळे कडे तयार होई. त्या कड्यात माणूस नाहीसा होई आणि डोके जरा वळवले की एकदम समोर उगवे. जुन्या शहराच्या अरुंद, वळणावळणाच्या, पायऱ्या चढत-उतरत जाणाऱ्या गल्लीत याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना करावी. सायकल 'अचानक' येते, गाय 'अचानक' येते. शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी श्रावण येई. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडी राजराजेश्वराकडे निघत, आणि ज्याने सारे आयुष्य त्या गर्दीत काढले तो माणूस आता ओट्यावरून खाली उतरत नसे. घरचे म्हणत, 'आता तं दिसते ना, मंग काहून भितं?' दिसत होतेच, पण गर्दी धडपणे दिसण्यासाठी डोळ्याच्या कडा लागतात, आणि त्या कडा चष्म्याने घेतल्या होत्या.

एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची अवस्था आणखी विचित्र. एका डोळ्यात मोठे जग, दुसऱ्यात लहान. मेंदूला दोन्ही एकत्र बसवता येईनात. मग एकेक वस्तू दोनदा दिसे. काही जण चष्म्याची एक काच कागदाने झाकून घेत. असे चष्मे ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी ते गरिबीचे किंवा विक्षिप्तपणाचे लक्षण मानले असेल. ते दुहेरी दृष्टीवर केलेले शहाणे उपाय होते.

आणि चष्मा फुटला तर? तर माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा. १९९० च्या दशकातल्या भारतातील पाहण्यांतून हेच पुढे आले, की शस्त्रक्रिया झालेल्या आणि कागदोपत्री बऱ्या झालेल्या लोकांपैकी पुष्कळांना चष्मा नाही, मोडला आहे किंवा चुकीचा आहे, म्हणून दिसत नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू होता, आणि त्याचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येत मोजले जात होते. साथियाच्या 'किती?' या प्रश्नात आणि या मोजणीत फार अंतर नव्हते, असे म्हणणे कठोर आहे. तरी मी ते म्हणतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने निकष घातला, की शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किमान ८० टक्के डोळ्यांना, हाताशी असलेल्या चष्म्यासह, ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसले पाहिजे. 'हाताशी असलेल्या' या शब्दांत त्या पिढीच्या सगळ्या फुटलेल्या चष्म्यांचा इतिहास आहे.

रंगांची गोष्ट मात्र या नंबरात येत नाही. वयाबरोबर भिंग पिवळे, मग तपकिरी होत जाते, आणि निळा रंग हळूहळू अडत जातो. बदल इतका सावकाश की मेंदू त्याला पांढरेच म्हणत राहतो. भिंग निघाले की निळा एकदम आत येतो. 'सारं नियं नियं दिसते' ही वऱ्हाडातली तक्रार वेडेपणाची नव्हे. तीच तक्रार क्लोद मोनेने पॅरिसजवळच्या आपल्या बागेत केली. १९१२ मध्ये त्याच्या मोतीबिंदूचे निदान झाले, पण चित्रकार शस्त्रक्रियेला अकरा वर्षे टाळत राहिला. १९२३ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत झाली, आणि मागे राहिलेला पडदा गढूळला म्हणून जुलैत पुन्हा एकदा. त्यानंतर तो महिनोन्महिने चिडलेला होता. आकार वाकडे दिसतात, रंग खोटे दिसतात, कधी सारे पिवळे, कधी सारे निळे. रंगीत काचांचे चष्मे करून पाहिल्यावर कुठे नजर सावरली, आणि मग कमळांची ती मोठी चित्रे पुरी झाली. मोनेची तक्रार पत्रांतून उरली, कारण तो मोने होता. वऱ्हाडातल्या बाईची तक्रार, लुगड्याचा ओळखीचा रंग आता तो नाही, धुतलेले कापड निळसर मारते, ही तेवढीच अचूक निरीक्षणे होती. आज मोजून सिद्ध झाले आहे की पांढरे पुन्हा पांढरे वाटायला शस्त्रक्रियेनंतर काही महिने लागतात. तिला त्या महिन्यांत 'तुला काही तरीच दिसते' एवढेच उत्तर मिळाले असणार.

भिंगाच्या जागी भिंगच बसवावे ही कल्पना हॅरल्ड रिडलीने १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रत्यक्षात आणली. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे तुकडे निमूट पडून राहिलेले त्याने पाहिले होते. त्याच्या पहिल्या रुग्ण बाईला भिंग बसले, पण त्याची ताकद इतकी जास्त निघाली की तिला दूरचे पाहायला जाड वजा नंबरचा चष्मा लावावा लागला. नव्या युगाची सुरुवातही पट्टीनंतरच्या निराशेनेच झाली, असे म्हणायला हरकत नाही. भारतात सामान्यांपर्यंत हे भिंग पोचायला आणखी चार दशके लागली. १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगे बनवायला घेतली आणि १९९४ पासून २००२ पर्यंत जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात महाराष्ट्रासह सात राज्यांमध्ये भिंगरोपणावर भर आला. तात्पुरत्या शिबिरांतून शस्त्रक्रिया रुग्णालयात गेली. शिबिर उरले ते तपासणीपुरते. डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनात वर्षानुवर्षे केलेल्या शस्त्रक्रियांमुळे 'लेन्स बसवणे' हा शब्द विदर्भाच्या आडगावांतही घरगुती झाला. अकोल्यात २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि आता जुन्या शहरातला म्हातारा पूल ओलांडून 'सर्वोपचार'मध्ये सकाळी जातो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुतण्याच्या गाडीवर मागे बसून काळा चष्मा लावून परततो. जाड भिंगाचे चष्मे आता दिवाणखान्यातल्या फोटोंत तेवढे दिसतात.

मग मधले महिने संपले का? लहान झाले, एवढेच. पहिले काही दिवस धूसर आणि डोळ्यात वाळू असल्यासारखे. टाके घातले असतील तर बुबुळ जरा ताणलेले, म्हणून आडव्या-उभ्या रेघा सारख्या स्पष्ट नाहीत. चार ते सहा आठवड्यांनी नंबर स्थिर होतो. भिंग बहुधा दूरचे पाहण्यासाठी बसवलेले असते, त्यामुळे पोथी वाचायला चष्मा लागतोच, आणि हे आधी न सांगितल्यास 'लेन्स बसवूनही चष्मा' ही फसवणूक वाटते. काहींना डोळ्याच्या कानाकडच्या बाजूला एक काळसर कमान दिसत राहते. ती भिंगाच्या कडेची सावली, बहुतेकांची काही महिन्यांत विरते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती किरणे फुटतात. या बहुतेक गोष्टी मेंदू हळूहळू बाजूला सारतो. मात्र एकाएकी विजा चमकल्यासारखे दिसणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा कडेने पडदा सरकत येणे, ही सवय होण्याची वाट पाहायची लक्षणे नव्हेत. ती पाठीमागचा दृष्टिपटल सुटत असल्याची असू शकतात, आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. इतकी वर्षे 'थोडे दिवस जाऊ द्या, नजर बसेल' असे ऐकलेल्या घराला हा फरक कोणी नीट समजावून सांगावा लागतो.

आणि एक बदल असा आहे की त्याचे नाव अजून भाषेत ठरत आहे. भिंग बसवताना त्याला धरून ठेवणारी मूळची पातळ पिशवी मागे ठेवलेली असते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या पिशवीच्या मागच्या पापुद्र्यावर उरलेल्या पेशी पसरतात आणि तो दुधट होतो. मोनेच्या डोळ्यात जुलैमध्ये जे साफ करावे लागले त्याचाच हा आजचा अवतार. उपाय साधा आहे. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या एका लेझरने त्या पापुद्र्याला मधोमध भोक पाडतात. डोळा उघडावा लागत नाही, बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत काम होते. जुन्या शहरात याला कोणी 'पडदा आला' म्हणतात, कोणी 'जाळी धरली' म्हणतात, आणि कोणी 'मोतीबिंदू पुन्हा आला' म्हणतात. पहिली दोन नावे जवळपास बरोबर आहेत. तिसरे चुकीचे आहे, कारण काढलेले भिंग पुन्हा उगवत नाही. परंतु घरात तेच जास्त ऐकू येते. ज्याच्या घरात ते नाव चालते तो माणूस पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पट्टी, पुन्हा खर्च असा हिशेब मांडतो, मुलाला सांगत नाही, आणि ओसरीवर बसून हा दुसरा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहतो.